डावी बाजू हलली

मुलुंड, बुधवार संध्याकाळ

आज सावंतांच्या छातीची डावी बाजू हलली. ते रंगारी; सात महिन्यांपूर्वी परांचीवरून पडले आणि मानेला मार बसला. मी त्यांची फिजिओ. मेंदूकडून श्वासाचा निरोप मानेतल्या मज्जारज्जूतून खाली जातो. त्यांची डावीकडची वाट तुटलेली. "ही बाजू आता परत येणार नाही," असं पहिल्याच महिन्यात मी त्यांच्या बायकोला सांगून टाकलं. इतकं ठाम का बोलले?

आज बरगड्यांखाली हात ठेवून श्वास घ्यायला लावला. डावी बाजू थोडी उचलली. पुन्हा घ्यायला लावला, पुन्हा उचलली. उजवीकडच्या शाबूत तंतूंनी पलीकडे निरोप पोचवायला सुरुवात केली असावी. असं होऊ शकतं, हे मी शिकले होते.

सावंतवहिनींना म्हटलं, "माझं चुकलं. डावी बाजू हलतेय."

"ठाऊक आहे. पंधरा दिवस झाले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही परत नाय म्हणाला असता तर?"

पंधरा दिवस आधीच व्यायाम वाढवता आला असता. वहिनी गप्प राहिल्या, त्या माझ्या ‘नाही’च्या भीतीने.