न घेतलेली नोटीस

३ फेब्रुवारी, सोमवार
नरडाणा एमआयडीसीतली साईट. पहिल्या शेडचं प्लास्टर एकदाचं संपलं. दुसरी शेड आपल्यालाच मिळणार. माझी वीस माणसं त्याच भरवशावर थांबलीत.
कंपनीने ॲप आणलंय. ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय, सगळा पत्रव्यवहार त्यातच, फोनवरचं बोलणं धरणार नाहीत. इंजिनिअर मयुरी मॅडमनी मोबाईलमध्ये टाकून दिलं. पोरगी चांगली, अनुभव कमी.

४ फेब्रुवारी, सकाळी ७
ॲपवर लाल १. नोटीसच. पंधरा दिवस उशीर झाला, दुसरं काय असणार? उघडणार नाही. आमच्या आबांनी तीस वर्षं ठेकेदारी केली, एक रजिस्टर पत्र सही करून घेतलं नाही. पोस्टमन दिसला की आबा गावाला, थेट भडगावला पसार. नोटीस घेतली नाही म्हणजे मिळाली नाही.
उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.

६ फेब्रुवारी
लाल ३. कय्युम मिस्त्री बावीस वर्षं माझ्याकडे. म्हणे, नाना, उघाडी तर दखा, बठ्ठं त्यामाच येस. म्हटलं, भाऊ, सगळं त्यात येत असेल तर येऊ दे, तुम्ही थापी सांभाळा.
फिरणं नाही. थंडी.

९ फेब्रुवारी
लाल ६. मॅडमचा फोन. उचलला नाही. फोनवरचं धरत नाहीत ना? मग!
सविता म्हणाली, मांजर डोळे मिटून दूध पितं. बायकोला ठेकेदारीतलं काय कळतं?

११ फेब्रुवारी
कालपासून लाल ७च. दिवस मावळला तरी आठ नाही. कंपनी थकली. घरी जिलेबी नेली.

१३ फेब्रुवारी
दुसऱ्या शेडच्या जागेवर पायाच्या आखणीची पांढरी फक्की मारलेली. तिथे ठेकेदार धनसिंग उभा. त्याने नमस्कार केला.
मॅडमनी माझ्याच मोबाईलवर ॲप उघडलं. पहिला मेसेज: उशीर माफ, दुसरी शेड तुम्हालाच, सात दिवसांत 'स्वीकार' दाबा. पुढचे सहाही तेच, आठवण म्हणून. उत्तर नाही म्हणजे नकार, असं ॲग्रीमेंटमध्येच आहे म्हणे. तुमच्यासाठी साहेबांशी भांडले होते नाना, म्हणाल्या.
मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं. चहा घेतला.

१४ फेब्रुवारी
कय्युमभाई आला. माणसं घेऊन धनसिंगकडे जाऊ का, विचारत होता. बावीस वर्षांत कधी खाली बघून बोलला नाही. मी हो म्हटलं. तो गेल्यावर रडू आलं, थोडंच.

१७ फेब्रुवारी
आज 'स्वीकार' दाबला. मुदत संपली, असं आलं. परत दाबला. तेच.
नेटवर्क असेल. उद्या दाबून बघतो.