अण्णांची लाल शाई

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार, ६ ऑक्टोबर

तीर्थरूप खंडेरावदादा यांस धाकट्या उज्वलाचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं बीपी? आम्ही सगळे ठीक, म्हणजे जिवंत असलेले तरी.

हसू नका, दादा. हर्षालीच्या बाळंतपणाला लंडनला जायचं म्हणून मी द्वारका चौकातल्या इंग्रजीच्या क्लासला जाते हे तुम्हाला माहीतच आहे (पन्नाशीत पाटी-पेन्सिल, सगळ्या गल्लीला करमणूक). व्हिसाचा इंटरव्ह्यू येत्या सोमवारी. सविता मॅडम म्हणाल्या, वेळेची वाक्यं कॅलेंडरच्या चौकोनात रोज एक लिहा. मी लिहायला लागले. ‘आय वोक अप ऑन फाइव्ह.’ ‘आय कट रोझेस ॲट मॉर्निंग.’ गॅस सिलिंडरची तारीख असते ना, त्याच्याच शेजारी.

काल सकाळी बघते तर ‘ऑन’ खोडून वर ‘ॲट’. ‘ॲट’ खोडून ‘इन द’. लाल शाईत! अक्षर बघून हातातला कप पडला. आपल्या अण्णांचंच, शेपटी ओढलेलं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला मरूनसुद्धा चुकीचं वाचवत नाही बघा. यांना दाखवलं, तर म्हणे तूच झोपेत लिहिलं असशील. अहो, झोपेत मला इतकं बरोबर येतं होय!

मग नजर गेली परवाच्या रविवारावर. तिथं मी लिहिलं होतं, ‘वुई डिड अण्णाज श्राद्ध ऑन संडे.’ व्याकरण बरोबर, मॅडमना फोनवर विचारून लिहिलेलं. तरी पूर्ण वाक्य खोडलेलं, समोर ‘पंचमी’. दादा, तिथी पंचमीची होती. तुम्हाला सुट्टी रविवारी, म्हणून तुम्ही रविवारी उरकलंत आणि चारच्या गाडीनं मनमाड गाठलंत. तुम्ही गेल्यावरही मी गच्चीत उभी होते. कावळा आला, पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेला. मी तुम्हाला सांगितलं नाही.

आणि येत्या सोमवारच्या चौकोनावर, इंटरव्ह्यूवर, आख्खी लाल फुली. अण्णांचा नियम आठवतो? आधी दुरुस्ती, मग पुढचं पान. मला भीती वाटते हो. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, तिथं तिचं कोणी नाही.

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार.

तुमची,
उज्वला

ता. क. : खरं मागणं हे. शनिवारी सर्वपित्री अमावस्या आहे, राहिलेल्या सगळ्यांची. रजा काढा आणि या. खीर मी करते.

ता. क. २ : नऊ वाजता या असं लिहिणार होते. पण शनिवारच्या चौकोनात आत्ताच दिसलं, ‘खंडेराव विल कम ॲट टेन.’ तर दहालाच या.

ता. क. ३ : पत्राची घडी घालताना पाहिलं, वरची तारीख खोडलीय आणि ‘वद्य एकादशी’ घातलंय. लाल पेन घरात नाही, दिवसभर शोधलं. खाली एक ओळ आहे, ती माझी नाही : ‘खंडू, दुरुस्ती करून आण.’ तुम्हाला खंडू म्हणणारं आता कोण उरलंय, दादा?