परखीची जागा

लेकरा विश्वंभर,

तू म्हणतोस, हाडाचा रिपोर्ट साफ आला. अरे, तीस वर्षं मी मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यात परखी खुपसून नमुना काढला. नांदेडच्या डॉक्टरनं माझ्या कमरेच्या हाडात सुई घातली, ती बराबर तशीच. पण तो दर वेळी स्कॅनचा फोटो बघून सुई सरकवून राहिला होता. म्हंजे खराब जागा त्याला आधीच दिसली होती. नमुना तिथलाच निघाला, मग साफ कसा?

अन् बिडीवरून माझ्याशी रोज भांडणाऱ्या सूनबाईनं काल स्वतःच बंडल आणून दिलं. काहून?

हे पत्र तुला देणार न्हाई. तू विचारलंस, तर मीबी साफच म्हणीन.

तुझा बाप,
किशनराव