मोठा सिलिंडर

रविवार, ९ मार्च

चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं, शालही पोचली. गुडघा आता कुरकुरत नाही, खोकलाही गेला. तू विचारलंयस त्यावर येते, पण आधी गाडीचं ऐक.

तुझ्या भावोजींची गाडी वरून ठणठणीत होती, खालून नुसती चाळण. ड्रायव्हरच्या पायाखाली रस्ता दिसायचा. मेकॅनिक म्हणाला, "काकू, भंगारात द्या." माझं डोकंच फिरलं. ठिणगीने पेट घेऊ नये म्हणून त्याच्याकडून सीट आणि पेट्रोलची टाकी तेवढी काढून घेतली, ह्यांचं वेल्डिंगचं मशीन पुसलं आणि बसले. ह्यांच्या हाताखाली निम्मं शिकलेच होते, उरलेलं चुकत चुकत शिकले.

या मशीनला तारेबरोबर गॅसही लागतो. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून. गॅसवाल्याने नुसता कार्बन डायऑक्साइड पुढे केला, स्वस्त म्हणून मीही घेतला. पण तो पडला जाड लोखंडाचा गडी. गाडीच्या पातळ पत्र्याला भोकं पाडत सुटला आणि ठिणग्या तर इतक्या, की माझा एप्रन गेला कामातून. मग आरगॉन मिसळलेला गॅस आणला, लहान सिलिंडर. ठिणग्या कमी झाल्या, पण जोड बघते तर छिद्रंच छिद्रं!

मी तावातावाने गॅसवाल्याला बोलावून घेतलं. "गॅसमध्ये पाणी घालता की काय हो?"

"काकू, माझ्यासमोर करून दाखवा," तो म्हणाला. बिचारा घामाघूम होऊन आला होता. आल्या आल्या त्याने माझा टेबलफॅन स्वतःकडे वळवला आणि स्टुलावर बसला. मी हेल्मेट खाली ओढलं, गन दाबली, आणि जोड असा सुरेख आला की मी बघतच राहिले. मग आम्ही दोघांनी एकदमच पंख्याकडे पाहिलं. जन्मभर पायाशी पंखा घेऊन लोकांचे कपडे शिवले, तोच पंखा वेल्डिंगलाही लावून बसले होते मी! सगळा गॅस वाऱ्यावर. गॅसवाला हसून हसून बेजार झाला. मीसुद्धा. हे गेल्यापासून त्या गॅरेजात कुणी हसलं नव्हतं गं.

आता दार उघडं ठेवते, पंखा बंद.

तर तुझी ती मागची खोली. रंग दिलास, पडदे शिवलेस, घर विकून कायमची ये म्हणालीस. फोनवर मी नुसतं "बघू, बघू" करत राहिले. तुला वाटतं मी इथे एकटी झुरते. पहिलं वर्ष झुरलेही, खोटं कशाला बोलू? पण आता सकाळी जाग येते ती आज कुठला तुकडा कापायचा या विचाराने. संध्याकाळी अंग दुखतं, जेवण गोड लागतं, झोप लागते. मी सुखात आहे, चिमे. ह्यांच्याशिवाय सुखात आहे. हेच लिहायला हात धजत नव्हता.

काल लहान सिलिंडर संपला. गॅसवाल्याने विचारलं, "पुन्हा लहानच आणू, की मोठा? मोठा तुम्हाला दोन वर्षं पुरेल, जागचा हलणार नाही."

मी मोठा घेतला. त्याने तो भिंतीला साखळीने बांधून दिला. हलवून पाहिला मी, पक्का आहे.

रागावशील, दोन दिवस फोन करणार नाहीस, मला माहीत आहे. पण पडदे काढू नकोस. गाडी झाली की तीच घेऊन येईन, चांगली आठवडाभर राहीन. तुला फिरवून आणेन. शेजारी बसलीस की पाय बिनधास्त टेक, खालचा पत्रा मी जोडलाय.

माझ्या घरातून,
तुझीच
ताई