चार फ्लॅश, एक बटण

चि. धाकटीस मधल्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे, तुझे यजमान आणि दादावरचा तुझा राग, तिघांचीही प्रकृती उत्तम असेल. (तिसऱ्याची थोडी खालावली असल्यास मला आनंदच आहे.)

इकडे दादा आता पलंगावरून स्टुडिओतल्या खुर्चीपर्यंतच येतो. रविवारी त्याने फर्मान काढलं, "जन्मभर लोकांचे फोटो काढले, आता माझा एक काढ. भिंतीवर शोभेलसा." मरणाविषयी आपल्या घरात यापेक्षा उघड कुणी बोलत नाही. त्याचे हात थरथरतात, म्हणून कामगिरी माझ्याकडे आली. चार फ्लॅश, प्रत्येकाच्या पोटात गलेलठ्ठ कपॅसिटर (शास्त्रात त्यांना धारित्र म्हणतात, शब्द शालीन आहे, वस्तू नाही). ते आधी विजेने भरायचे, मग क्षणात रिते करायचे. दादा चारही फ्लॅश एकामागून एक चालू करायचा. मला वाटलं, पंक्तिप्रपंच कशाला? मी चारही एकाच बोर्डाला जोडले आणि समदृष्टीने एकच बटण दाबलं. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी आधाशासारखी वीज ओढतो, आणि चौघे मिळून चौपट ओढतात, हे ज्ञान मला सगळ्या इमारतीचे दिवे गेल्यावर झालं. खालच्या दंतवैद्याने माझ्या विद्वत्तेचा मोठ्याने उद्धार केला. (खुर्चीतल्या रोग्याचंही तेच मत असावं, पण त्याच्या तोंडात कापूस होता.)

अंधारात दादा हसला. "अरे पंडिता, चार उपाशी एकदम पानावर बसवलेस होय? एकेकाला वाढायचं रे, बाबा." कित्येक महिन्यांनी हसला गं. मग हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. वहिनी मेणबत्ती घेऊन आली तेव्हा मला दिसलं की मी त्याचा हात धरून बसलो आहे. तोवर हातात काही असल्याचं जाणवलंच नव्हतं, इतका तो हलका झाला आहे.

तर फोटो राहिला. यजमानांना नमस्कार सांग.

तुझा,
मधला

ता. क. खरं सांगायचं तर फ्यूज लगेच बसला, फ्लॅशही शाबूत आहेत. मी पुन्हा बटणाकडे वळलो तर दादा म्हणाला, "राहू दे. धाकटी आली की आमचा दोघांचा काढ." ती येते असं कुणी सांगितलं, असं विचारलं, तर मलाच चारही फ्लॅश बंद करायला लावले. तुमच्या भांडणात चूक त्याची होती हे तो कबूल करणार नाही. मी तुला तसं लिहावं, याला मात्र त्याची हरकत नाही.

आणखी एक. डॉक्टर हल्ली आमच्याशी खोलीत बोलत नाहीत, जिन्यात बोलतात. मिळेल त्या गाडीने ये.