हार्प्यांची होळी

वोर्म्सी बेट, ३ ऑक्टोबर १८७७

ती. योरानदादास,
बेआताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सुया पोचल्या. पावासाठीची राय पेरून झाली, बाबांची प्रकृती ठणठणीत आहे. खुशाली संपली, आता माझा संताप ऐक.

स्वीडनहून आलेल्या उपदेशकांनी काल प्रार्थनाघरात फर्मान काढलं. हार्पा म्हणे सैतानाचं वाद्य. त्याच्यापायीच आपले बाप्ये दारू पितात आणि लग्नांत डोकी फोडतात. महिनाअखेरच्या शनिवारी सगळ्यांनी आपापले हार्पे किनाऱ्यावर आणायचे, तिथे त्यांची होळी करायची. आणि आपले बाबा, चाळीस वर्षं ज्यांचा गज हार्प्यावर फिरल्याशिवाय बेटावरची एक वरात निघाली नाही, तेच उठून म्हणाले की मी माझा आणतो.

दादा, याच उपदेशकांनी मला लिहायला शिकवलं. वसंतापासून बाबांनी दारूला हात लावलेला नाही, तेही त्यांच्यामुळेच. म्हणून तर जास्त चीड येते. माणूस सरळ वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण दारू बाबा प्यायले होते, हार्पा नव्हे. हे त्यांना कोण सांगणार?

काय करू ते उलट टपाली कळव. रागावलेल्या बहिणीवर माया असू दे.
तुझी बेआता

रेवाल, १२ ऑक्टोबर १८७७

चि. बेआतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गोदीत वाचलं आणि हातातला रंधा असा आपटला, की घरी कुणी गेलं का म्हणून मुकादम विचारायला आला. मी म्हटलं, अजून नाही, पण तयारी चालू आहे.

हा गृहस्थ बेटावर येऊन चार वर्षं झाली. आपल्याकडे हार्पा मांडीवर घेऊन वाजवतात ते त्याच्या खापरपणजोबाच्याही आधीपासून. काय जाळायचं हे ठरवणारा हा कोण? पण त्याच्यापेक्षा मला बाबांचा राग येतो. त्यांना माझ्या नावानं, एक शब्द न गाळता सांग, की तुम्ही भित्रे आहात. प्रार्थनाघरात चार बायका तोंड फिरवतील म्हणून स्वतःच्या हातानं कोरलेलं वाद्य आगीत घालणाऱ्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

हार्पा गवताच्या माळ्यावर लपव. आणि जपून बोल. तुझी जीभ माझ्या पटाशीहून धारदार आहे, हे उपदेशकांना अजून कळलेलं नसावं.

आठवण ठेव, पत्राला उशीर नको.
तुझा योरानदादा

वोर्म्सी, ३१ ऑक्टोबर १८७७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ‘भित्रे’ हा शब्द त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि लाकडं फोडायला गेले. हार्पा मी लपवला होता. शनिवारी सकाळी ते शिडी लावून माळ्यावर चढले आणि खाली घेऊन आले. मी दारात आडवी उभी राहिले, तर मला बाजूला करून गेले.

चौदा हार्पे जमले होते. लाकडांत राळ मुरलेली, त्यामुळे ठिणगी लागायचा अवकाश, सगळे भडकले. बायका भजन म्हणत होत्या. बाबा मात्र एका दगडावर बसले, एकेक खुंटी सैल केली, घोड्याच्या केसांच्या चारही तारा काढल्या, गुंडाळून खिशात घातल्या, आणि मग रिकामा सांगाडा आगीत ठेवला. टाकला नाही, ठेवला.

उपदेशक म्हणाले की ताराही द्याव्या लागतील. बाबा उभे राहिले.

“लाकूड मी तोडलं होतं, ते तुम्हाला दिलं. हे केस माझ्या बायकोनं निवडले, पीळही तिनंच दिला. ती तिकडे कबरस्तानात आहे. तारा हव्या असतील तर तिला विचारा.”

भजन थांबलं. मी ओरडायची तयारी करून गेले होते, पण मला ओरडायला काही उरलंच नाही. सोमवारी उपदेशकांनी निरोप धाडला, की बापानं तारा देईपर्यंत मी वर्गात येऊ नये. मी उलट निरोप दिला, की मला आता वाचता येतं.

बाबा तुझ्याविषयी काही बोलत नाहीत. तेवढं सोडून सगळं ठीक. ममता कमी करू नकोस.
तुझी बेआता

रेवाल, ९ डिसेंबर १८७७

चि. बेआतास आशीर्वाद.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. तुला वर्गाबाहेर काढणाऱ्या त्या माणसावरचा माझा राग कमी होईल असं समजू नकोस. बाबांची माफी मात्र येऊन मागेन, पत्रात नाही.

चार दिवसांपूर्वी बेटावरून मासे विकायला आलेल्या सीमोनकडून बाबांचा निरोप मिळाला. माझं नाव न घेता धाडलाय म्हणे. स्प्रूसची एक फळी हवी, हातभर लांब, वीतभर रुंद, हिवाळ्यात तोडलेल्या झाडाची, रेषा बारीक, एकही गाठ नको. कशाला, तर पावाच्या पेटीला.

बारा वर्षं सुतारकी करतोय मी. पावाच्या पेटीला गाठीची फळी चालते, वाकडी चालते, जुन्या होडीचीसुद्धा चालते. गोदीत डोलकाठीसाठी आलेल्या लाकडातून मी तीन दिवस शोधून फळी निवडली. बोटानं ठोकली की घुमते. सीमोनबरोबरच पाठवतोय. खाडी गोठायच्या आत पोचेल.

ती किती पातळ तासायची ते बाबांना माझ्याहून जास्त कळतं. मी काही विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. उपदेशकांनी विचारलं, तर सांग, घरात पाव फार आहे.

बाबांना नमस्कार सांग. ते घेतील.
तुझा योरानदादा