परतीचा पाइप

सोमवार, ६ नोव्हेंबर

ठरलं! वरच्या मजल्यावर नळ सोडल्या सोडल्या गरम पाणी येणार. म्हणजे येणारच!

आज सकाळी पुन्हा तोच तमाशा. बॉयलर खाली, आमच्या मागच्या खोलीत. पाइपातलं गार पाणी वाहून गेल्याशिवाय वर गरम पोचतच नाही. म्हणून भावोजी नळ सोडून ठेवतात, आणि खाली ह्यांच्या डोक्यावरची धार होते करंगळीएवढी! हे साबणानं माखलेले, डोळे मिटून ओरडतायत, "अरे, नदी सोडलीस का वर?" वरून उत्तर, "मग काय दादा, बर्फानं आंघोळ करू?" चाळिशी ओलांडलेले सख्खे भाऊ!

रोजचंच म्हणून मी हसत होते. पण जेवताना भावोजी म्हणाले, "एक फ्लॅट बघितलाय. रविवारी नक्की करतो." ह्यांनी ताट बाजूला सारलं. पाणी पिऊन उठले.

धाकटी जाऊ गेली तर ह्या घरात मी हसायचं कुणाबरोबर? ह्यांच्याबरोबर? डोंबल!

मंगळवार, ७ नोव्हेंबर

प्लंबर येऊन गेला. भिंतीवर पेन्सिलनं चित्रं काढून शिकवतो, म्हणून धाकटीनं त्याचं नाव ठेवलं 'मास्तर'. वरच्या नळापासून आणखी एक पाइप परत खाली बॉयलरला आणायचा, त्यावर छोटा पंप. मग गरम पाणी सारखं गोल फिरत राहतं, नळापाशी हजरच!

"पण साहेबांना विचारा," मास्तर म्हणाले.

साहेबांना! ह्यांना विचारलं तर, "त्याचे आणखी लाड नकोत." भावोजींना विचारलं तर, "मला कुणाचे उपकार नकोत." एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं! तेव्हा कुणालाच विचारायचं नाही. दोघं कामावर गेले की ठोकाठोक, यायच्या आत सामसूम. धाकटी तर टाळ्याच पिटायला लागली.

बुधवार, ८ नोव्हेंबर

भिंतीला भोकं पाडली. धाकटीच्या केसात सिमेंटची पूड. भावोजींना सांगितलं — कोंड्यावर नवं औषध लावलंय. विश्वास बसला!!

गुरुवार, ९ नोव्हेंबर

पाइप मागच्या भिंतीवरून उतरतो. भिंत पिस्ता रंगाची. पांढरा पाइप आंधळ्यालाही दिसेल. धाकटीनं माळ्यावरचा उरलेला रंग काढला आणि सुटली! पाइप रंगवला, क्लिपा रंगवल्या, मास्तरांच्या पिशवीत होतं नव्हतं ते सगळं रंगवून वाळत टाकलं. स्वतःचं नाकही.

"अगं, पंप तरी सोड," मी म्हटलं.

"सोडलाय ना! फक्त हे बारकंसारकं घेतलं, ताई."

शुक्रवार, १० नोव्हेंबर

काय दिवस! पंप सुरू केला. घूंऽऽ आवाज झकास. वर नळ सोडला — गारढोण! अर्धा तास वाट पाहिली, तरी तेच. उद्याचा एक दिवस उरला, मग रविवार.

मास्तर पाइप चाचपत खाली आले. पंपाजवळ एक झडप असते, ती पाणी एकाच दिशेला जाऊ देते. कुठल्या दिशेला, त्याचा बाण तिच्यावरच कोरलेला असतो. "बसवताना मी विचारलं, बाण कुठाय," मास्तर म्हणाले, "तर ह्या म्हणाल्या, ह्या टोकाकडे होता, मी बघितलाय."

धाकटीनं जीभ चावली. बाण पिस्त्याखाली गुडुप! नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं झडप घासली, तर बाण बॉयलरकडे नाही, उलटा वर नळाकडे. म्हणजे आम्ही पाण्याचा रस्ताच अडवला होता! मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि झडप उलटी फिरवली.

थोड्या वेळानं वरून किंकाळी — "ताईऽऽ! आलं! लगेच आलं!" मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. बाथरूममध्ये दोघी नाचलो. माझं वय काय, मी करतेय काय! मागून आलेले मास्तर दारात खाली मान घालून पाने-पक्कड आवरत होते.

शनिवार, ११ नोव्हेंबर

सकाळी वरून आरोळी, "आई गंऽ, भाजलो!" मग नळ लगेच बंद. इकडे ह्यांची धार मनगटाएवढी. हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "आज वर नळ सोडला नाही वाटतं? बरं आहे ना त्याला?" आणि उत्तर न ऐकता कामाला गेले.

धाकटीला कुठलं राहवतंय? भावोजींना सगळं सांगून टाकलं. ते खाली आले, पिस्ता पाइपावर हात ठेवून उभे राहिले. "वहिनी, मला न सांगता?" नाक ओढत हसले. "नको तो फ्लॅट. हे घर सोडून मला करमलं नसतं." लगेच फोन लावला, तर तो कालच दुसऱ्या कुणीतरी घेतलेला. चला, ब्याद गेली! धाकटीनं मला उचलायचा प्रयत्न केला, दोघीही कोचावर पडलो.

ह्यांना उद्या सांगेन. तोंड बघण्यासारखं होईल!

रविवार, १२ नोव्हेंबर

मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले. "तो फ्लॅट मी घेतलाय. परवाच सही केली. आपण जाऊ तिकडे. त्याला खाली येऊन राहू दे, बॉयलरपाशी. लहानपणापासून त्याला गार पाणी सोसत नाही."

धाकटी जिन्यातून दोनदा हाक मारून गेली. मी अजून ओ दिलेली नाही.